कानाची मशीन, साईड व्हीलची स्कूटर, लॅपटॉप: कर्ज काढायचं तर फक्त वरच्या पैशाचं

कर्जाचा विषय निघाला की आपल्याकडं पहिला प्रश्न एकच, "किती मिळतंय?" दिव्यांगांच्या साहित्यासाठी कर्ज काढायचं असेल तर हा प्रश्न उलटा करायचा, किती काढायची गरजच नाही हे आधी शोधायचं. कारण या वस्तूंचं असं आहे की बऱ्याच जणांना अर्धी-अधिक किंमत सरकारी योजनेतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून नाहीतर ट्रस्टकडून सुटू शकते, पण ते माहीत नसतं म्हणून लोक सरळ दुकानदाराच्या फायनान्सवर सही करून मोकळे होतात आणि मग दोन वर्षं हप्ते भरायलेत, तोवर तिकडं बॅटरी पण बसलेली असते.

म्हणून या लेखात क्रम असा धरलाय: कागद, वस्तू, फुकटचं, आणि मग उरलेल्या वरच्या पैशाचं कर्ज. लांबलचक आहे, जो भाग आपल्या कामाचा नाही तो सोडून द्या.

आधी यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), त्याशिवाय कुठंच दार उघडत नाही

जुनं हिरवं-निळं सर्टिफिकेट कपाटात आहे म्हणून निवांत राहू नका. केंद्राच्या योजनांना १ एप्रिल २०२३ पासून यूडीआयडी नंबर लागतोय. स्वावलंबन पोर्टलवर मोबाईलवरून अर्ज करता येतो, नाही जमलं तर महा ई-सेवा केंद्रात करून घ्या, आणि मग तपासणी जिल्ह्याच्या सिव्हिलला किंवा सरकारी मेडिकल कॉलेजला (संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ, तसंच लातूर, नांदेड). दिव्यांग बोर्डाचे वार ठरलेले असतात, ते आधी फोन करून विचारा, नाहीतर हिंगोली-परभणीच्या खेड्यातून आलेल्या माणसाचा एक दिवस आणि गाडीभाडं दोन्ही गेलं.

कार्डावर पट्टी पांढरी असेल तर ४० टक्क्यांच्या खाली, पिवळी म्हणजे ४० ते ७९, निळी म्हणजे ८० आणि वर. बहुतेक योजना ४० पासून सुरू होतात, काही महागड्या वस्तू ८० लाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेत, म्हणजे फक्त हात-पाय-डोळे-कान नाही, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिडहल्ला हे पण त्यात येतात. कित्येकांना आपण यात बसतो हेच माहीत नाही.

एक बारीक गोष्ट, पण सगळ्यात जास्त फाईली इथंच अडकतात: आधार, यूडीआयडी आणि पासबुक तिन्हीवर नाव सारखं पाहिजे. एका ठिकाणी "शेख", दुसऱ्या ठिकाणी "शे.", बाईचं नाव एकीकडं माहेरचं एकीकडं सासरचं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा. आणि खात्याला आधार लिंक आहे का ते पण बघा, अनुदान डीबीटीनं, म्हणजे थेट खात्यात येतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला पण सोबतच काढून ठेवा, तो जवळपास सगळीकडं मागतात.

वस्तू कोणती, हे दुकानदाराला ठरवू देऊ नका

कानाची मशीन घ्यायची तर आधी ऑडिओमेट्री, आणि ती आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडून. लहान लेकराला बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का बघणारी तपासणी लागते. दुकानात जाऊन "मशीन दाखवा" म्हणालात की सगळ्यात महागडी समोर येते, त्यात जी फीचर्स आहेत ती शेतात काम करणाऱ्या आजोबाला कधीच लागणार नाहीत. मशीन लावून घरी, बाजारात, पंख्याखाली दोन-चार दिवस वापरून बघू द्या असं स्पष्ट सांगायचं, आणि जो ट्रायल देत नाही त्याच्याकडून न घेतलेलंच बरं.

अंध मित्रांसाठी तर आधी फुकटचं सॉफ्टवेअर बघा. विंडोजवर एनव्हीडीए फुकट आहे आणि मराठी वाचतं, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आधीच असतं. महागड्या स्क्रीन रीडरसाठी कर्ज काढायची गरज नोकरीच्या ठिकाणी एखाद्या खास सॉफ्टवेअरसोबत तोच लागत असेल तरच. लॅपटॉप मात्र लागतो, त्याचं पुढं बघू.

व्हीलचेअर घेताना मोजमाप सोडू नका, बसायची रुंदी, पाय ठेवायची उंची, पाठ. चुकीच्या मापाच्या खुर्चीत दिवसभर बसून जखमा होतात, आणि बेडसोअरचा दवाखाना खुर्चीपेक्षा महाग पडतो. शिवाय आपल्याकडची काळी माती, पावसाळ्यात छोटी पुढची चाकं रुततात, तेव्हा शहरातल्या फरशीवर छान चालणारी खुर्ची वाडीवर काही कामाची नाही. बॅटरीच्या गाडीचं पण तसंच, मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत पत्र्याखाली उभी राहिली की लेड-ॲसिड बॅटरी लवकर बसते. म्हणून किंमत विचारताना तीन आकडे विचारायचे: आजची किंमत, बॅटरी बदलायचा खर्च आणि किती वर्षांनी, आणि सर्व्हिस कुठं, पुण्याला की जिल्ह्याला. हे तीन आकडे कोटेशनवर लिहून घ्या, बँकेत पण कामी येतात. कोटेशन दोन ठिकाणचं घ्या.

जीएसटी पण तपासा. कानाच्या मशीनवर जीएसटी नाहीच, व्हीलचेअरवर ५ टक्के आहे. बिलावर यापेक्षा जास्त लावलेला दिसला तर तिथंच विचारा.

आता फुकटचं काय काय सुटतंय

सगळ्यात मोठी योजना केंद्राची एडिप, १९८१ पासून चालू आहे. सगळं मिळून उत्पन्न (दुसऱ्यावर अवलंबून असेल तर आई-बापाचं किंवा पालकाचं) महिन्याला २२,५०० पर्यंत असेल तर साहित्य पूर्ण फुकट, २२,५०१ ते ३०,००० असेल तर निम्मी किंमत. साहित्य बहुतेक वेळा कानपूरच्या अलिम्को कंपनीचं असतं. पद्धत अशी की आधी तालुक्याला तपासणी शिबीर होतं, माप घेतात, पावती देतात, आणि वाटपाचं शिबीर नंतर, मध्ये काही महिने जातात. ती पावती जपून ठेवा. बॅटरीची ट्रायसायकल ८० टक्के आणि वय १६ च्या पुढं असेल तर एडिपमध्ये बसते, आणि किंमत मर्यादेच्या वर गेली तर वरचे पैसे खासदार निधी, आमदार निधी किंवा कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामाचा निधी) मधून भरायची पद्धत आहे. म्हणून वरच्या पैशासाठी सावकाराकडं पळायच्या आधी खासदारांच्या संपर्क कार्यालयात एक अर्ज देऊन बघा, नकार आला तरी काही जात नाही. तीच वस्तू तीन वर्षांच्या आत परत मिळत नाही, बारा वर्षांच्या आतल्या लेकरांना एका वर्षानं मिळते कारण लेकरू वाढतं.

शिबीर कधी हे विचारायचं कुठं? जिल्हा परिषदेत दिव्यांग विभाग, किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणचा वेगळा विभागच झालाय, पण खाली तालुक्याला माहिती पोचायला वेळ लागतो, त्यामुळं विचारत राहावं लागतं.

दुसरं, ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा ५ टक्के निधी. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचाच आहे. लहान गावात ही रक्कम थोडी असते हे खरं, पण शून्य नसते. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि "निधी नाही" म्हणाले तर या वर्षाचं उत्पन्न किती आणि ५ टक्क्याचा खर्च कुठं झाला एवढं माहिती अधिकारात विचारा. भांडायची गरज नाही, एवढ्यानं बऱ्याचदा काम होतं.

बाकी भराभर सांगतो. कृत्रिम पाय लागत असेल तर जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून फुकट बसवून देते, त्यासाठी एक रुपया कर्ज नको. शाळेत जाणाऱ्या लेकराला समग्र शिक्षामधून साहित्य मिळतं, मुख्याध्यापकाला आणि विशेष शिक्षकाला विचारा. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला कंपनीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर ईएसआयसीकडं आधी जा. घरातले म्हातारे ६० च्या पुढं असतील तर राष्ट्रीय वयोश्री, आणि ६५ च्या पुढं राज्याची मुख्यमंत्री वयोश्री ज्यात ३,००० रुपये खात्यात येतात, काठी-चष्म्याचं भागतं. आणि जन्मतः बहिऱ्या लेकराच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी शेत गहाण टाकायला निघालेले आई-बाप बघितलेत, त्यांना हात जोडून सांगणं, वय पाच व्हायच्या आत एडिपमधून होतंय का बघा, उशीर करू नका.

उरलेल्या पैशासाठी कोणतं दार

समजा गेवराईकडचा एक जण, ६० टक्के, आठवडी बाजारात मोबाईल रिपेअरिंगचं टेबल लावतो. ८० टक्के नाही म्हणून बॅटरीच्या ट्रायसायकलमध्ये बसत नाही, आणि त्याला लागते ती साईड व्हीलची स्कूटर. स्कूटर, किट, पासिंग सगळं मिळून समजा १,१०,०००. पंचायतीतून १०,०००, स्वतःची बचत ४०,०००. उरले ६०,०००. आता या ६० हजारासाठी चार-पाच दारं आहेत.

पहिलं दार राष्ट्रीय दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं, एनडीएफडीसी, आधीचं नाव एनएचएफडीसी, १९९७ चं. त्याची दिव्यांगजन स्वावलंबन योजना आहे, व्याज ५० हजारापर्यंत ५ टक्के, ५ लाखापर्यंत ६, १५ लाखापर्यंत ७, ३० लाखापर्यंत ८ आणि ५० लाखापर्यंत ९. परतफेड जास्तीत जास्त दहा वर्षं. वय १८ पूर्ण आणि ४० टक्के दिव्यांगत्व. महामंडळ स्वतः पैसे देत नाही, राज्याचं महामंडळ किंवा करार झालेल्या सरकारी आणि ग्रामीण बँका देतात. आपल्याकडं राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ २००२ पासून आहे, जिल्ह्याला कार्यालय आहे. तिथं गेल्यावर "फॉर्म द्या" एवढंच म्हणू नका, या वर्षी आपल्या जिल्ह्याला निधी आलाय का आणि किती फाईली पेंडिंग आहेत हे विचारा, म्हणजे वाट बघायची का दुसरं दार ठोठवायचं हे ठरवता येतं. जामीनदार मागतात, ते आधीच बघून ठेवा.

आणि इथं मुद्दा असा की हे कर्ज मुख्यतः कमाईच्या कामाला आहे. अर्जात "मला स्कूटर पाहिजे" लिहिलं तर ते साहेबाच्या टेबलावर पडून राहतं. "चार आठवडी बाजार करतो, सध्या रिक्षाभाड्यात एवढे जातात, स्कूटर आली तर अजून दोन बाजार होतील, उत्पन्न एवढं वाढेल" असं एका पानात लिहिलं, सोबत रिक्षाचा हिशोब आणि टेबलाचा फोटो लावला, तर तेच कर्ज धंद्याचं होतं. शिलाई करणाऱ्या ताईचं मोटर लावलेलं मशीन, सेवा केंद्र चालवणाऱ्या अंध पोराचा लॅपटॉप, सगळ्याला हेच लागू. खोटं लिहायचं नाही मात्र, उद्या तपासणीला माणूस येतो.

दुसरं दार आपली नेहमीची बँक. महाराष्ट्र ग्रामीण बँक, स्टेट बँक, महाराष्ट्र बँक, जिथं खातं जुनं आहे तिथं. रिझर्व्ह बँकेच्या प्राधान्य क्षेत्राच्या नियमात दिव्यांग व्यक्ती दुर्बल घटकात मोडतात, म्हणजे तुम्हाला दिलेलं प्राधान्य क्षेत्राचं कर्ज बँकेच्या टार्गेटमध्ये मोजलं जातं, बँकेचाच फायदा आहे, हे मॅनेजरला गोड बोलून आठवण करून द्या. धंदा असेल तर मुद्रा, शिशु ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, आणि याला तारण मागायचं नाही. नवीन युनिटच टाकायचं असेल तर पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) दिव्यांगांना विशेष गटात धरतात, स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के आणि खेड्यात सबसिडी ३५ टक्के, शहरात २५.

तिसरं बचत गट. उमेदच्या गटात घरातली बाई असेल तर छोट्या रकमेला, समजा बॅटरी बदलायची, कानाच्या मशीनचा मोल्ड (कानात बसणारा साचा) नवीन बसवायचा, यासाठी गटासारखं सोपं काही नाही. पण व्याज शेकडा दोन असेल तर ते वर्षाला २४ टक्के होतं, हे डोक्यात ठेवा आणि लवकर फेडा.

दुकानदाराचं "नो कॉस्ट ईएमआय" सगळ्यात शेवटी. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. तिथं एकच प्रश्न विचारायचा: "रोख दिले तर किती?" मशीन ईएमआयवर ३६ हजार आणि रोख ३१ हजार, तर ५ हजार व्याजच झालं की, वर प्रोसेसिंग फी वेगळी. आणि सावकार, शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, त्यावर जास्त बोलायची गरज नाही. मोबाईलवरच्या पाच मिनिटात कर्ज देणाऱ्या ॲपपासून पण लांब.

हिशोब कागदावर मांडा

तेच ६०,०००, दोन वर्षात फेडायचे. एनडीएफडीसीच्या ६ टक्क्यानं हप्ता साधारण २,६६०, एकूण व्याज ३,८०० च्या आसपास. बँकेनं १२ टक्के लावले, घटत्या शिलकीवर, तर हप्ता २,८२५ आणि व्याज ७,८००. आणि खाजगी फायनान्सवाला पण "१२ टक्केच आहे की" म्हणतो, पण फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर, तर हप्ता ३,१०० आणि व्याज १४,४००. म्हणजे खरा दर साडेएकवीस टक्क्याच्या वर. आकडा एकच बारा, आणि व्याजात जवळपास दुप्पट फरक. म्हणून सही करायच्या आधी "फ्लॅट का रिड्युसिंग (घटत्या शिलकीवर)" हे विचारायचं, आणि की फॅक्ट स्टेटमेंट मागायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून हे पान देणं बँक-फायनान्स सगळ्यांना बंधनकारक आहे, त्यात एपीआर म्हणून सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. तो एकच आकडा दोन ठिकाणचा शेजारी ठेवून बघा.

एक गंमत पण बघा. गेवराईवाल्यानं कसेबसे अजून १० हजार जमवून कर्ज ५० वर आणलं तर व्याज ५ टक्क्याच्या टप्प्यात जातं, हप्ता २,२०० च्या खाली आणि एकूण व्याज २,६५०. कधी कधी दोन महिने थांबणं पण परवडतं.

मुदत किती ठेवायची? माझं मत पक्कं आहे, वस्तूचा जो भाग आधी मरतो त्याच्या आत कर्ज संपलं पाहिजे. बॅटरी अडीच वर्षात जाणार असेल तर कर्ज दोन वर्षाचं, कानाची मशीन साधारण पाच वर्षं चालते तर कर्ज तीनच्या पुढं नको. नाहीतर जुन्याचा हप्ता आणि नव्याचा खर्च एकत्र अंगावर येतात. हप्ता छोटा दिसतो म्हणून पाच वर्षं करून देणारे लई भेटतील.

आणि हप्ता संजय गांधी निराधारच्या अनुदानावर बांधू नका. आता दिव्यांगांना महिना अडीच हजार झालेत, पण ते ठरलेल्या तारखेलाच येतील याचा भरवसा नाही, कधी कधी दोन महिन्याचे एकदम येतात, आणि हप्ता मात्र ५ तारखेला कापायला बसतो, मग बाउन्सचा दंड बसतो आणि सिबिल (कर्जफेडीची नोंद) पण खराब. घर शेतीवर चालत असेल तर सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढंमागं येतो, तर बँकेला तिमाही किंवा सहामाही हप्ता मागा, शेतीशी जोडलेल्या कर्जाला देतात. सातबाऱ्यावर बोजा चढवून व्हीलचेअर घेऊ नका एवढंच म्हणेन.

फाईल देताना

यूडीआयडी, आधार, पॅन, उत्पन्न दाखला, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन कोटेशन, डॉक्टरची किंवा ऑडिओलॉजिस्टची चिठ्ठी, धंद्याचं एक पान, जामीनदाराचे कागद. धंद्याची उद्यम नोंदणी फुकट होते, पैसे घेणाऱ्याकडून करू नका. सिबिल रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो, तो आधी बघा, जुना मोबाईलचा हप्ता थकलेला निघाला तर तो मिटवून मगच फाईल टाका.

फाईल दिली की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. "शिक्का नाही मिळत" म्हणाले तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

अंध व्यक्तीला "सोबत कुणीतरी सही करणारा आणा, नाहीतर कर्ज नाही" असं ऐकवतात. रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच सांगितलंय की कर्जासकट सगळ्या सुविधा भेदभाव न करता द्यायच्या. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये पण बँकेच्या कर्जाचा समान हक्क लिहिलेला आहे. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग असलेल्या सज्ञान लेकरासाठी आई-बापाला पालकत्वाचं प्रमाणपत्र लागू शकतं, ते राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून मिळतं. त्याला वेळ लागतो म्हणून आधीपासून लागा.

नाही म्हणाले तर कारण लेखी मागा, ते द्यावं लागतं. मग जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरकडं (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणारा अधिकारी) अर्ज. बँकेकडं लेखी तक्रार करून ३० दिवसात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, नंबर १४४४८, फी नाही, वकील नाही. आणि नकार दिव्यांगपणामुळंच आहे असं वाटत असेल तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं पण तक्रार जाते.

गाडी असेल तर अजून थोडं

साईड व्हीलचं किट एआरएआयची (पुण्याची वाहन तपासणी संस्था) मान्यता असलेलंच बसवा, गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून नाही, नाहीतर आरटीओ पासिंग करत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. विम्याच्या कागदावर किटचा उल्लेख आहे का ते बघा. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीचा प्रकार "दिव्यांगजन" असा २०२० पासून टाकता येतो, तो टाकला की सवलती मागताना वेगळा पुरावा शोधत बसावं लागत नाही. लायसन्स पण बदल केलेल्या गाडीचं काढावं लागतं.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बँकेचा बोजा आरटीओत उतरवून घ्या, आणि दोन-तीन महिन्यांनी सिबिलमध्ये खातं "क्लोज्ड" दिसतंय का तपासा. नसेल दिसत तर एनओसीची झेरॉक्स जोडून बँकेला लेखी कळवा, कारण पुढच्या बॅटरीला किंवा मशीनला परत कर्ज लागलंच तर हेच खातं सगळ्यात आधी बघतात.